मे महिन्यातली तीन पुस्तके

दीक्षाभूमीवरून आणि चैत्यभूमीवरून आपला माणूस पुस्तक घेऊन घरी परततो, १४ एप्रिलला स्टॉलवर पाय ठेवायला जागा नसते, याचा आम्हाला अभिमान आहेच. पण विकत घेतलेले पुस्तक वाचले जाते का, हा प्रश्न चळवळीत फारसे कुणी विचारत नाही. व्हॉट्सॲपवर बाबासाहेबांच्या नावाने एक वाक्य येते, खाली ना ग्रंथाचे नाव ना पान, आणि आपण 'जय भीम' लिहून ते पुढे ढकलतो. त्यातली काही वाक्ये बाबासाहेबांची नसतातच. मूळ न वाचणाऱ्याला ते कळणार कसे?

म्हणून आम्ही काही मित्रमैत्रिणी गेली काही वर्षे एक रिवाज पाळतो. जयंती झाली की शाळा-कॉलेजे उघडेपर्यंत बाबासाहेबांचे मूळ लेखन वाचायचे, आणि त्यातले तीन लहान ग्रंथ दर मे महिन्यात पुन्हा वाचायचे. मे का? कारण तिघांचाही जन्म मे महिन्यातला.

पहिला 'भारतातील जाती'. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात वाचलेला निबंध. तेव्हा बाबासाहेब अवघे २५ वर्षांचे होते. जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्न लावण्यामुळे, आणि सती, सक्तीचे वैधव्य, बालविवाह ही ती चौकट राखण्याची साधने, असे त्यांनी त्यात मांडले. हा निबंध आपण ऐन लगीनसराईत वाचतो, हे बरेच आहे. कारण आपल्याच वधू-वर सूचक ग्रुपवर 'बौद्ध' लिहून पुढे कंसात पोटजात लिहिलेली असते! स्थळ पाहताना गाव, आडनाव, मूळ काय याची चौकशी होते, आणि लग्न मात्र बुद्धवंदना घेऊन लागते. २२ प्रतिज्ञा घेतलेल्या घरात हे चालते. ब्राह्मणवादावर भाषण ठोकणाऱ्या कार्यकर्त्याने आपल्या बहिणीच्या लग्नापूर्वी हा निबंध वाचावा, मग मांडवात उभे राहावे. आमच्या गटातल्या दोघांची घरच्यांशी याच मुद्द्यावरून कडाक्याची भांडणे झाली. एकाचे लग्न ठरले, एकाचे मोडले.

दुसरा 'जातिसंस्थेचे निर्मूलन'. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने अध्यक्ष म्हणून बोलावले आणि भाषण वाचल्यावर वेद-शास्त्रांबद्दलचा भाग खटकला. एप्रिलच्या अखेरीस बाबासाहेबांनी कळवले की एक स्वल्पविरामही बदलणार नाही. परिषद रद्द झाली, भाषण मे १९३६ मध्ये त्यांनी स्वतः छापले. १,५०० प्रती दोन महिन्यांत संपल्या. पुढच्या आवृत्तीत गांधीजींचा आक्षेप आणि बाबासाहेबांचे उत्तर दोन्ही आहेत. ते वगळून वाचू नका. विरोधकाचे म्हणणे पूर्ण छापून मग त्याला उत्तर देणे, ही सवय आपल्या फेसबुकी वादांना लागली तर निम्मी शिवीगाळ आपोआप थांबेल.

तिसरे 'मुक्ती कोन पथे?', ३१ मे १९३६ला दादरच्या परिषदेत केलेले भाषण. येवल्याच्या घोषणेनंतर, धर्मांतर का करायचे हे आपल्या माणसांना त्यांच्याच भाषेत समजावून सांगणारे. हे मनात वाचू नये, घरात मोठ्याने वाचावे. आई-आजी ऐकत बसतात, मध्येच थांबवून स्वतःचे सांगतात. ते लिहून ठेवावे.

आता कुणी म्हणेल, सुट्टी कुणाला असते? खरे आहे. आपली कितीतरी पोरे उन्हाळ्यात केटरिंगला, मांडवाच्या कामाला जातात. काही स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत अडकलेली. उन्हाळ्यात आरामखुर्चीत बसून हलकीफुलकी कादंबरी वाचण्याची चैन आपली नाही. पण तिन्ही पुस्तके मिळून एका मोठ्या कादंबरीपेक्षा जाडीने कमी भरतात. रात्री अर्धा तास, हाताशी वही, पटले नाही तिथे खूण. परवडत नसेल त्याने एकाची प्रत चौघांत फिरवावी.

यंदा मे संपण्यापूर्वी आमच्या वाडीतल्या विहारात तिन्हींवर चर्चा आहे. येणाऱ्याला आम्ही एकच अट घातली आहे: वाचून यायचे, आणि न पटलेला एक मुद्दा तरी सोबत आणायचा.