चौथा धावपटू कुठे आहे?

पाऊस ओसरू लागला की महाविद्यालयीन क्रीडास्पर्धांचे दिवस जवळ येतात आणि हरसूलच्या बाजारात, एस.टी. थांब्यावर एक प्रश्न हमखास कानी पडतो : "यंदा आपल्या पोरांत दुसरी कविता राऊत निघेल का?" विचारणाऱ्यांचा हेतू चांगला असतो. पण हा प्रश्न कोवळ्या मुलांच्या डोक्यावर ओझे ठेवणारा आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

हरसूलजवळच्या सावरपाड्याच्या कविताताईंचा अभिमान कोणाला नाही? २०१० च्या ऑक्टोबरात दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी १०,००० मीटर धावून कांस्यपदक घेतले. त्या स्पर्धेत धावपट्टीवर वैयक्तिक पदक मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. पुढे २०१२ साली अर्जुन पुरस्कार मिळाला, २०१६ साली रिओ ऑलिंपिकच्या मॅरेथॉनमध्ये त्या धावल्या. परंतु एक गोष्ट लोक विसरतात. दिल्लीत त्यांना ३३ मिनिटे ५ सेकंद लागले होते. दीडच महिन्याने ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत तेच अंतर त्यांनी ३१ मिनिटे ५१ सेकंदांत तोडले व रौप्य मिळविले. सुवर्ण कोणाला? केरळच्या प्रीजा श्रीधरन यांना, आणि तेही एका सेकंदापेक्षा कमी फरकाने! वेळ सुधारण्याची कारणे अनेक असतील. पण तोडीस तोड जोडीदारीण बरोबर असणे हे त्यातले एक असणारच.

यंदा आमच्या भागातून महाविद्यालयीन क्रॉसकंट्रीची तयारी करणाऱ्यांत पहिल्या-दुसऱ्या वर्षाची मुले-मुलीच जास्त आहेत. नाव काढावे असा एकही मोठा धावपटू त्यांत नाही, म्हणून काहीजण नाक मुरडतात. आम्हांस मात्र याच चमूकडून आशा आहे. सकाळी पहिल्या चढाला पुढे असणारा मुलगा दुसऱ्या चढाला मागे पडतो आणि वेगळाच कोणी पुढे येतो. पाच-सहाजण एकमेकांना सोडत नाहीत.

क्रॉसकंट्रीत याला फार मोल आहे. रानातून, चढउतारावरून धावण्याच्या या शर्यतीत सांघिक निकाल क्रमांकांच्या बेरजेवर लागतो. जागतिक स्पर्धेत वरिष्ठ गटात संघाचे सहाजण धावतात, पहिल्या चौघांचे क्रमांक मोजतात आणि ज्याची बेरीज सर्वांत कमी तो संघ विजयी. आम्ही पडलो कारकून, बेरीज म्हटली की पेन उचलतो. समजा एका संघाचा हिरा पहिला आला, पण बाकीचे चौदावे, बाविसावे व एकतिसावे आले. बेरीज झाली ६८. दुसऱ्या संघातला कोणीही पहिल्या चारांत नाही. त्यांचे चौघे पाचवे, आठवे, दहावे व बारावे आले. बेरीज ३५. फोटो पहिल्याचा छापून येईल, पण चषक दुसऱ्या संघाच्या हाती जाईल. तेव्हा पहिला कोण, यापेक्षा आमचा चौथा धावपटू कुठे आहे, हे विचारायला लोकांनी शिकावे.

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या स्पर्धांत आधी नाशिक विभाग, मग आंतरविभागीय आणि त्यानंतर विद्यापीठाचा संघ अशा पायऱ्या आहेत. पहिल्याच वर्षी या मुलांकडे चषक मागू नये. सहाच्या सहाजणांनी शर्यत पुरी करावी आणि पहिल्या व चौथ्यातील अंतर मिनिटभरावर यावे, एवढी अपेक्षा यंदा पुरे. हीच मुले तिसऱ्या वर्षापर्यंत एकत्र टिकली तर मग पाहू. नाशिकच्याच संजीवनी जाधव २०१७ साली तैपेईच्या जागतिक विद्यापीठ क्रीडास्पर्धेत १०,००० मीटरमध्ये रौप्यपदक घेऊन आल्या, म्हणजे महाविद्यालयीन वयात कुठवर जाता येते हे आपल्या जिल्ह्याने पाहिले आहे.

पण टिकतील का? आमची खरी चिंता ही आहे. स्पर्धांचा हंगाम आणि दिंडोरी-निफाडकडच्या द्राक्षबागांच्या छाटणीचा हंगाम एकाच सुमारास येतो. पाड्यापाड्यांतून टोळ्या निघतात, त्यांत आई-बापांबरोबर कॉलेजची पोरेही जातात. मुलगी असेल तर तिच्या लग्नाची बोलणी त्याच वर्षी सुरू होतात. घरात मजुरीचे पैसे हवेत, हे आम्ही नाकारीत नाही. पण पालकांनी निदान स्पर्धेपूर्वीचे सहा आठवडे मुलाला टोळीतून वगळता येईल का, हे क्रीडाशिक्षकांबरोबर बसून ठरवावे. तेवढ्या मजुरीची भरपाई गावातील नोकरदारांनी वर्गणी काढून करावी. आम्ही यात आमचा वाटा देऊ.

"आदिवासी पोरे जात्याच काटक, त्यांना काय शिकवायचे?" असे शहरातील पाहुणे कौतुकाने म्हणतात, तेव्हा आमचा संताप होतो. रस्ता नाही म्हणून चालावे लागते, पाणी दूर आहे म्हणून डोंगर चढावा लागतो. याला कौतुक म्हणायचे की हलगर्जीपणा? काटक पायांनाही बूट लागतात आणि धावणाऱ्या पोटाला नागलीच्या भाकरीबरोबर डाळ, अंडी, शेंगदाणे लागतात.

मातांना एक विनंती आहे. सराव वाढण्याआधी मुला-मुलींचे हिमोग्लोबिन व सिकलसेल तपासून घ्या. मुलगी लवकर दमते म्हणून तिला आळशी म्हणू नका, रक्त कमी असू शकते. सिकलसेलचा वाहक निघाला म्हणून धावणे बंद करण्याचे कारण नाही. मात्र भर उन्हात सराव नको, पाणी पुरेसे हवे आणि डॉक्टरांचा सल्ला हवा.

बुटांसाठी ज्यांना मदत करावयाची आहे, त्यांनी आधी मुलांना भेटून पायाचे माप घ्यावे. पुढच्या वर्षीही चालेल म्हणून एक नंबर मोठा बूट आणू नये. फोड याच वर्षी येतात.