ट्रकला समुद्र जोडता येत नाही

देवगडपासून मालवणपर्यंतच्या किनाऱ्यावर टर्बोची इंजिनं दोन ठिकाणी राबतात: मोठ्या ट्रॉलरच्या पोटात आणि आंब्याच्या ट्रकच्या बॉनेटखाली. टर्बोने दाबून तापलेली हवा इंजिनात जाण्याआधी गार करतो तो इंटरकूलर. ट्रॉलरचा इंटरकूलर समुद्राच्या पाण्याने थंड होतो, ट्रकचा वाऱ्याने. मिठबावसारख्या गावात ही दोन्ही इंजिनं एकाच मेकॅनिकच्या हाताखालून जाऊ शकतात, त्यामुळे एक युक्तिवाद सहज सुचतो. पाणी हवेपेक्षा जास्त उष्णता ओढतं, होडीवर ते सिद्धच झालं आहे. तेव्हा ट्रकचा पुढचा हवेचा इंटरकूलर काढून तिथे पाण्याचा बसवावा, म्हणजे घाटात गाडी दमणार नाही. हा युक्तिवाद चुकीचा आहे, आणि भाड्यावर पोट असलेल्या माणसाला तो महागात पडू शकतो.

त्यातलं खरं आधी मान्य करतो. एक अंश तापताना लिटरभर पाणी जेवढी उष्णता सामावतं, ती लिटरभर हवेच्या सुमारे साडेतीन हजार पट असते. त्यामुळे पाण्याचा कूलर आटोपशीर होतो, इंजिनाला चिकटून बसतो, पाईप आखूड राहतात आणि टर्बोचा दाब लवकर पोचतो. आजच्या काही मोटारींत याच कारणाने तो वापरतात. दुसऱ्या महायुद्धातल्या स्पिटफायर लढाऊ विमानाच्या मर्लिन 60 मालिकेच्या इंजिनांतही द्रवाने थंड होणारा इंटरकूलर होता. जागेची अडचण असेल तिथे पाणी उपयोगी पडतं, याबद्दल वाद नाही.

वाद पुढे आहे. पाण्याने उष्णता घेतली, ती टाकायची कुठे?

साधा हिशेब करू. सुमारे सहा लिटरचं इंजिन, मिनिटाला 2000 फेरे, दीड बार बूस्ट, बाहेर 35 अंश. दाबली गेलेली हवा टर्बोतून 150 अंशांच्या पुढे जाऊन बाहेर पडते. ती 55 अंशांपर्यंत आणायची तर जवळपास 24 किलोवॉट उष्णता सतत काढावी लागते. टाकीत दहा लिटर पाणी असलं आणि त्याला स्वतःची जाळी (रेडिएटर) नसली, तर ते सव्वा मिनिटाच्या आत 40 अंशांनी तापतं. करूळ किंवा फोंडा घाट भरल्या ट्रकने चढायला त्याच्या कितीतरी पट वेळ लागतो. शर्यतीच्या गाड्या टाकीत बर्फ भरून काही सेकंद धावतात. पाण्याच्या इंटरकूलरची ख्याती बरीचशी तिथून आली आहे.

म्हणजे पाण्याला जाळी लावणं आलं. ती बसणार पुढेच, आजचा इंटरकूलर आहे तिथे, आणि थंड होणार त्याच वाऱ्याने. फरक इतकाच की आता उष्णता आधी हवेतून पाण्यात आणि मग पाण्यातून पुन्हा हवेत जाणार. प्रत्येक टप्प्याला तापमानाचा फरक लागतो, तो दोनदा मोजावा लागतो. वर पंप, टाकी, जादा होज.

‘घाटात गाडी वीसच्या वेगाने चालते, वारा मिळत नाही, म्हणून हवेचा इंटरकूलर निकामी होतो,’ असंही ऐकू येतं. पण घाटात वारा ओढतो तो इंजिनाचा पंखा, आणि पाण्याची जाळीही त्याच पंख्याच्या भरवशावर असेल. जी अडचण दोघांची आहे, ती एकाच्या विरोधात पुरावा ठरत नाही.

काहीजण आणखी सोपी वाट सुचवतात: इंजिनाचंच पाणी इंटरकूलरमधून फिरवा. ते पाणी 80-90 अंशांवर असतं. मग आत जाणारी हवा त्याखाली उतरणार कशी? अमेरिकेतल्या ट्रकांत ही पद्धत सर्रास होती. 1980 च्या दशकात हवेच्या इंटरकूलरने तिची जागा घेतली, कारण गार हवेने ताकद वाढते, डिझेल वाचतं आणि धुरातले नायट्रोजनचे ऑक्साइड घटतात.

बिघाडाचाही विचार हवा, कारण ट्रक रात्री चालतो. हवेचा इंटरकूलर फुटला तर बूस्ट गळतो, काळा धूर येतो, पिकअप जातो. तरी बहुधा रखडत गाव गाठता येतं. पाण्याचा कूलर आतून फुटला तर पाणी सिलिंडरमध्ये उतरू शकतं. पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. मला हा मुद्दा बाकी सगळ्यांपेक्षा जड वाटतो.

होडीत मात्र पाणीच हवं. इंजिन बंद खोलीत, वारा नाही, आणि भोवती तीस अंशांच्या आतबाहेरचं अथांग पाणी, जे कूलरने कितीही उष्णता टाकली तरी तापत नाही. त्या सोयीची किंमतही खलाशी मोजतात: खारं पाणी कूलर खातं, म्हणून जस्ताचे तुकडे वेळच्या वेळी बदलावे लागतात.

खाऱ्या वाऱ्याचा आक्षेप तेवढा खरा आहे. किनाऱ्यालगत उभ्या राहणाऱ्या ट्रकच्या अॅल्युमिनियमच्या पात्या मीठ कुरतडतं, वर बागेची लाल धूळ बसते. पण पाण्याची जाळीही तिथेच उभी राहणार, तिलाही तेच मीठ. इलाज धुण्याचा आहे. आंब्याच्या हंगामाआधी इंटरकूलर गोड्या पाण्याने, हलक्या धारेने, इंजिनाच्या बाजूकडून पुढे असा धुवावा. वाकलेल्या पात्या सरळ कराव्यात. होज आणि क्लिपा काढून पाहाव्यात, दाब भरून गळती तपासावी. एवढं करूनही गाडी चढणीला दमली तर एअर फिल्टर पाहावा, मग पंख्याचा क्लच, मग टर्बो आणि इंजेक्टर. हे सगळं तपासायच्या आधी नव्या इंटरकूलरला पैसे घालू नयेत.