नटण्याची सोय, अडचणीचे काय?

श्रावणातील मंगळागौर आणि पाठोपाठ येणारे गौरी-गणपती हा रत्नागिरीतील दागिन्यांचा हंगाम. ठुशी, नथ, वज्रटीक हे जुने घाट पुन्हा रूढ झाले. मात्र अनेकींच्या गळ्यात ते ‘एक ग्रॅम’ मुलाम्याचे असतात. जुलै २०२४मध्ये केंद्राने सोन्यावरील आयातशुल्क १५वरून ६ टक्क्यांवर आणले, तरी एप्रिल २०२५मध्ये दहा ग्रॅमचा भाव लाखावर गेलाच. मुलाम्यावर हौस भागते, त्यात गैर काही नाही. पण सोने हे बाईचे स्त्रीधन. आजारपणात, मुलांच्या शिक्षणासाठी तेच गहाण पडते. मुलाम्याच्या ठुशीवर पतपेढी कर्ज देत नाही. जुलै २०२५मध्ये नऊ कॅरेटलाही हॉलमार्क मिळू लागला खरा. त्यात शुद्ध सोने अवघे ३७.५ टक्के, हे दागिना मोडायला नेल्यावर जाणवते.