ओले की गार?



पाणी ओले का लागते, असे कुणी विचारले की वर्गात हशा पिकतो. "ओलं नाही लागणार तर काय कोरडं लागणार?" असे उत्तर मिळते. पण माझ्या मते हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्याचे उत्तर थेट आपल्या घरातल्या कणगीपर्यंत जाऊन पोचते.

आपल्या कातडीला गरम कळते, गार कळते, दाब कळतो, दुखले-खुपले कळते. पण ओलेपणा ओळखणारी वेगळी सोय तिच्यात नाही. झुरळाच्या मिशांना हवेतला दमटपणा ओळखता येतो. माणसाच्या कातडीला तेवढेही जमत नाही! मग आपल्याला ओलं कळतं तरी कसं?

पाणी अंगाला लागले की दोन गोष्टी होतात. एक म्हणजे गार वाटते. पाणी हवेच्या वीस पटींहून अधिक चांगली उष्णता वाहून नेते, शिवाय त्याची वाफ होतानाही अंगाची उष्णता जाते. माठातले पाणी याच वाफेमुळे गार होते. दुसरे म्हणजे पाणी अंगाला चिकटते, दाबते, घसरते. गारवा आणि स्पर्श असे दोन्ही निरोप मेंदूकडे जातात आणि मेंदू अंदाज बांधतो, "हे ओलं आहे."

खोटे वाटत असेल तर करून बघा. भोक नसलेली पातळ प्लॅस्टिकची पिशवी हातात घाला आणि हात गार पाण्याच्या बादलीत बुडवा. पिशवीचे तोंड मात्र पाण्याच्या वर राहू द्या. हात भिजला असेच वाटेल. बाहेर काढून बघाल तर हात कोरडा! असाच प्रयोग १९०० साली अमेरिकेत बेंटली नावाच्या शास्त्रज्ञाने बोटावर पातळ रबर चढवून केला होता. पुढे २०१४ साली इंग्लंडमधल्या लफबरो विद्यापीठातल्या संशोधकांना आढळले, की सारखेच भिजवलेले असूनही गार फडके लोकांना जास्त ओले वाटते आणि कोमट फडके कमी ओले वाटते.

आता आपल्या गावाकडे या. थंडीत पहाटे दोरीवरचा सदरा काढला की तो ओलाच वाटतो. पुष्कळदा तो नुसता गार असतो. हे चुकले तर फार काही बिघडत नाही, सदरा आणखी तासभर उन्हात राहतो. पण याच्या उलट झाले तर? खळ्यात भुईमुगाच्या शेंगा दुपारच्या उन्हाने तापलेल्या असतात. हात घातला की हात म्हणतो, "वाळल्या!" पण आत ओल असली तर त्या गरम शेंगांत ती हाताला कळत नाही. तशाच पोत्यात भरल्या की बुरशी धरते. भुईमुगावरच्या एका बुरशीतून अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार होते. ते यकृताला अपाय करते आणि भाजल्यानेही पूर्ण जात नाही.

कुणी म्हणेल, "आमच्या वाडवडिलांनी कुठे प्रयोग केले होते?" मी म्हणतो, केले होते! आजी ज्वारीचा दाणा दाताखाली धरते आणि कट्ट वाजला तरच कणगी भरू देते. आजोबा शेंग कानाशी हलवतात, दाणे खुळखुळले की वाळली म्हणतात. नुसत्या हातावर भरवसा ठेवायचा नाही हे त्यांना आधीपासून ठाऊक आहे. आपणच ते विसरत चाललो आहोत.

ज्वारी-गव्हासाठी आणखी एक सोपी परीक्षा आहे. कोरडी काचेची बाटली घ्या. ती एक तृतीयांश धान्याने भरा. तव्यावर गरम करून गार केलेले कोरडे मीठ दोन चमचे टाका. झाकण लावून मिनिटभर चांगली हलवा आणि पंधरा मिनिटे ठेवा. मीठ काचेला चिकटले, तर दाण्यात साधारण १५ टक्क्यांहून जास्त ओल आहे असे समजा. नाही चिकटले तरी लगेच पोती शिवू नका. बरेच महिने साठवायचे धान्य १२ टक्क्यांपर्यंत वाळलेले हवे, म्हणून आणखी एकदोन उन्हे द्या आणि दाताखालची परीक्षा घ्याच.

म्हणून माझी गुरुजींना विनंती आहे, की सुगीच्या दिवसांत शाळेत अशी एक बाटली आणि कोरडे मीठ ठेवावे. मुलांनी घरून ओंजळभर धान्य आणावे आणि आपण सर्वांनी मिळून परीक्षा घ्यावी. विज्ञानाचा तास होईल आणि घरचे धान्यही वाचेल. आणि पालकांनो, पोराने "पाणी ओलं का लागतं?" असं विचारलं तर त्याला "गप बस" म्हणू नका. एक पिशवी आणि एक बादली त्याच्या हातात द्या.

— एक विद्यार्थी, इयत्ता ७ वी