१८६२चे तीन कायदे

पश्चिम अमेरिका धाडसी माणसांनी सरकारपुढे हात न पसरता स्वतःच्या हिमतीवर वसवली, असं आपल्याकडचे बरेच जण मुलांना अभिमानानं सांगतात. धाडस होतंच. पण जमीन सरकारनं दिली, रेल्वेला कर्ज सरकारनं दिलं आणि आधीच्या रहिवाशांना हुसकावणारी फौजही सरकारचीच होती.

१८६२ सालच घ्या. २० मे रोजी होमस्टेड कायदा झाला. पाच वर्षं राहा, जमीन कसा आणि किरकोळ शुल्कात १६० एकर नावावर करून घ्या. अर्जासाठी नागरिकत्वही लागत नव्हतं. नागरिक होण्याचा इरादा जाहीर केला की बोटीतून नुकता उतरलेला जर्मनही पात्र. (ग्रीन कार्डाच्या रांगेत ताटकळणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.) १ जुलैला पॅसिफिक रेल्वेचा कायदा झाला, २ जुलैला कॉलेजांसाठी जमीन देणारा मॉरिल कायदा. एवढी घाई जमली कशी? आधी जमीनवाटपाचं आणि कॉलेजांचं अशी दोन्ही विधेयकं राष्ट्राध्यक्ष बुकॅनन यांनी अडवली होती. दक्षिणेला पश्चिमेत गुलामगिरी हवी होती, स्वतः राबणारे छोटे शेतकरी नकोत. यादवी पेटली, दक्षिणेचे खासदार निघून गेले आणि वाट मोकळी झाली.

त्याच उन्हाळ्यात मिनेसोटात डकोटा लोकांची उपासमार चालली होती. करारानं दिलेल्या जमिनीच्या मोबदल्याची रक्कम आली नव्हती, गोदामात धान्य असूनही व्यापारी उधार देईनात. ऑगस्टमध्ये उठाव झाला. २६ डिसेंबरला मॅनकाटो गावात एकाच वेळी ३८ डकोटांना फाशी दिली. त्या यादीला मंजुरी लिंकनची. होमस्टेड कायद्यावर सहीही त्याचीच. पुढच्या वर्षी काँग्रेसनं डकोटांचे करारच रद्द केले.

‘आपण भारतीय तर १९६५ नंतर अमेरिकेत आलो, आपला काय संबंध?’ असं कुणी म्हणेल. संबंध मॉरिल कायद्याचा. काँग्रेसमधल्या प्रत्येक सदस्यामागे राज्याला ३०,००० एकर मिळाले, ते विकून कॉलेजं उभी राहिली. पर्ड्यू, आयोवा स्टेट, ओरेगन स्टेट ही त्यातलीच. कॉर्नेलचा पैसा विस्कॉन्सिनच्या पाइनच्या जंगलातून आला. वर्ध्याचे क्रांतिकारक पांडुरंग खानखोजे शेती शिकले तेही ओरेगनच्या अशाच कॉलेजात. आपल्यातल्या कितीतरी जणांची पदवी आणि असिस्टंटशिप अशाच कॉलेजांतली. कुठल्या विद्यापीठाला कुठल्या जमातीची किती जमीन मिळाली, हे ‘हाय कंट्री न्यूज’नं २०२० साली जुळवून छापलं आहे. आपलं कॉलेज त्यात शोधायला फार वेळ लागत नाही.