वा-वाची घडणावळ

सोनेतारण कर्जासाठी माणूस बँकेत येतो तेव्हा त्याच्या दागिन्याची किंमत कशी ठरते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. बँकेच्या यादीवरचा सराफ दागिना कसोटीवर घासतो, तोलतो, त्यातले खडे आणि लाख वजा करतो आणि उरलेल्या सोन्याचे वजन कागदावर लिहितो. घडणावळ धरत नाहीत. आजीच्या पाटल्यांवरची नक्षी कोणा कारागिराने किती रात्री जागून काढली, याला तारणात शून्य किंमत. छत्तीस वर्षांच्या नोकरीत हा हिशेब मी असंख्य वेळा सहीनिशी मान्य केला आणि तो योग्यच होता. बँकेला नक्षी विकून कर्ज वसूल करता येत नाही. 'जुने ते सोने' ही म्हण बँकेला निम्मीच मान्य आहे. सोने असेल तर सोने, जुनेपणाचे तिला काही देणेघेणे नाही.

निवृत्तीनंतर मात्र एका अशा बाजाराची ओळख झाली की जिथे वजनही धरत नाहीत आणि घडणावळही नाही. धरतात ते केवळ जुनेपण, आणि तेही कोणी हात न लावलेले. हा बाजार गिटारवाल्यांच्या जुन्या वा-वा पेडलचा.

वा-वा पेडल म्हणजे काय, हे गिटारशी सुतराम संबंध नसलेल्या घरातही सांगता येते. ओठांचा चंबू करून 'ऊ' म्हणावे आणि आवाज न तोडता तोंड उघडत 'आ'पर्यंत यावे. 'वा' झाला. गळ्यातला सूर तोच राहिला. बदलला तो तोंडाचा आकार, आणि त्या आकाराने सुरात दडलेले स्वयंभू स्वर पुढे आणले, आधी खालचे, मग वरचे. मोरचंग वाजवणारा दातांशी लोखंड धरून हेच करतो. पेडल म्हणजे गिटारला बसवलेले तोंड. फक्त ते पायाने उघडायचे आणि मिटायचे. टाच दाबली की 'ऊ', चवडा दाबला की 'आ'. कल्याणजी-आनंदजींच्या 'डॉन' (१९७८) चित्रपटाचे शीर्षकसंगीत ज्यांना आठवते, त्यांच्या कानात हा आवाज या क्षणी वाजू लागला असेल. आपण ज्याला दाद म्हणतो ती 'वाहवा' आणि या यंत्राचे नाव यांचा काही संबंध नाही, पण योगायोग मोठा गोड आहे.

याच्या जन्माची कथा माझ्यासारख्या हिशेबी माणसाला विशेष आवडावी अशी आहे, कारण ती काटकसरीतून सुरू होते. १९६६ साली कॅलिफोर्नियातल्या थॉमस ऑर्गन कंपनीत ब्रॅड प्लंकेट नावाचा तरुण अभियंता कामाला होता. कंपनी व्हॉक्स या नावाने अँप्लिफायर विकत असे. त्यातला मधल्या स्वरांना उठाव देणारा एक फिरता स्विच महाग पडत होता. त्याच्या जागी स्वस्तातला पॉट, म्हणजे आपले रेडिओ दुरुस्त करणारे ज्याला व्हॉल्यूम कंट्रोल म्हणतात तो, बसवून पाहावा असे ठरले. प्लंकेटने तो बसवला, फिरवला, आणि वाद्य बोलू लागले. मग तो पॉट ऑर्गनच्या आवाजाच्या पायपट्टीत घातला गेला आणि १९६७ साली पेडल बाजारात आले.

त्यावर नाव कोणाचे छापले? प्लंकेटचे नव्हे. क्लाइड मॅकॉय यांचे. मॅकॉय अभियंताही नव्हते आणि गिटारवादकही नव्हते. ते ट्रंपेट वाजवत, आणि भोंग्यात म्यूट बसवून त्यावर तळहात उघडमीट करून 'वा-वा' काढण्याबद्दल ते प्रसिद्ध होते. सुरुवातीच्या पेडलांच्या तळाला मॅकॉय यांचे चित्र असे, पुढच्या पेडलांवर नुसती सही. आज संग्राहकांच्या बाजारात चित्रवाल्या पेडलाला सर्वाधिक मान आहे. ज्याने शोध लावला त्याचे नाव त्या तळावर नाही, ज्यांनी वाजवले त्यांचे तर नाहीच.

वाजवणाऱ्यांनी या पट्टीचे काय केले ते सांगायला एक उदाहरण पुरेल. 'शाफ्ट' या १९७१च्या अमेरिकन चित्रपटाच्या गाण्याला पुढच्या वर्षी ऑस्कर मिळाले. संगीतकार आयझॅक हेज. त्या गाण्याचा कणा असलेली वा-वा गिटार चार्ल्स पिट्स यांची. पिट्स पुढे सांगत की ध्वनिमुद्रणापूर्वी ते आपली पेडले नीट चालतात की नाही एवढेच तपासत होते; हेज यांच्या कानावर ते पडले आणि त्यांनी तेच वाजवत राहायला सांगितले. तारा दाबून धरून नुसती खरडायची आणि पायाने ताल द्यायचा, म्हणजे गिटारचा जवळजवळ झांजेसारखा उपयोग. हे यंत्राच्या माहितीपत्रकात लिहिलेले नव्हते. हीच घडणावळ.

आपल्याकडे हे पेडल सुखासुखी आले नाही. मी १९८३ मध्ये बँकेत लागलो. पुढे परकीय चलन विभागात काम केले. १९७३चा परकीय चलन नियमन कायदा तेव्हा जोरात होता. तो जाऊन त्याच्या जागी सौम्य कायदा यायला २००० साल उजाडावे लागले. यंत्रसामग्री, औषधे, परदेशातले शिक्षण, अशा कारणांचे अर्ज टेबलावर येत. गिटारच्या पायपट्टीसाठी डॉलर मागणारा अर्ज एकदाही आला नाही. आला असता तर मी तो नियमाप्रमाणे नामंजूरच केला असता. तेव्हा पेडल येई ते बोटीवर नोकरी करणाऱ्याच्या ट्रंकेतून, नाहीतर आखातातून सुटीवर आलेल्या मेहुण्याच्या बॅगेतून. एक पेडल चार जणांच्या पायाखालून जाई.

आमच्या नेरुळच्या इमारतीत एक गृहस्थ राहतात. वय पंचाहत्तरच्या आसपास. गिटार शिकवतात म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणतात. १९७४ पासून त्यांनी ऑर्केस्ट्रात गिटार वाजवली. गणपतीचे दहा दिवस म्हणजे दहा गावे, आणि वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहातही त्यांचे अनेक कार्यक्रम झाले. त्यांचे पहिले वा-वा पेडल घरी केलेले होते. लॅमिंग्टन रोडवरून दोन ट्रान्झिस्टर आणले, कॉइलच्या जागी एका बंद पडलेल्या ट्रान्झिस्टर रेडिओतला बोटभर ट्रान्सफॉर्मर लावला आणि शिवणयंत्राच्या पायट्यासारखी लाकडी फळी सुताराकडून बिजागरीवर बसवून घेतली. "आवाज बेडकासारखा यायचा," मास्तर म्हणाले, "पण साहेब, मागच्या रांगेतला माणूस मान वळवून बघायचा." ते मला अजून साहेब म्हणतात. इमारतीच्या कर्जाच्या कागदांपासूनची सवय.

दुसरे पेडल इटलीत तयार झालेले, १९७८ मध्ये एका खलाशाकडून जुनेच विकत घेतलेले. किंमत दोन महिन्यांच्या बिदागीइतकी. ते मी उघडलेले पाहिले आहे. आत फारसे काही नसते. दोन ट्रान्झिस्टर, मूठभर रेझिस्टर आणि कपॅसिटर, एक कॉइल, नऊ व्होल्टची बॅटरी, आणि पट्टी हलली की दातेरी चक्रावरून फिरणारा पॉट. गिटारवाल्यांचे सगळे वाद त्या कॉइलवर आणि पॉटवर. जुन्या इटालियन कॉइलींची 'हेलो' आणि 'फासेल' अशी घराणी आहेत आणि त्यांची नावे ही मंडळी ग्वाल्हेर-किराणा म्हटल्याच्या थाटात घेतात. यातले थोडे खरे आहे. त्या काळी सुटे भाग एकसारखे निघत नसत, त्यामुळे एकाच कारखान्यातली दोन पेडले वेगळी बोलत. थोडे मात्र कानापेक्षा खिशाला ऐकू येणारे आहे.

जुन्या पेडलचे दुखणे ठरलेले. पॉटमधली कार्बनची पट्टी झिजते आणि पाय हलवला की खरखर येते. आमच्याकडे त्यात खाडीच्या खाऱ्या हवेची भर. पावसाळ्यानंतर जॅक आणि स्विचवर हिरवी बुरशीसारखी पूड चढते. दुसरे म्हणजे पेडल बंद असले तरी गिटारचा आवाज त्याच्या पोटातूनच जातो आणि थोडा मंद होऊन बाहेर पडतो. मास्तर यावर उपाय म्हणून पेडल लागत नसलेल्या गाण्यांत वायरच काढून ठेवत.

दोन वर्षांपूर्वी या पेडलला गिऱ्हाईक आले. परदेशातल्या एका संग्राहकाचा इथला मध्यस्थ. त्याने सांगितलेला आकडा ऐकून मास्तरांच्या सूनबाईंनी चहाचा कप खाली ठेवला. अट एकच: पेडल उघडायचे नाही, पॉट बदलायचा नाही, डाग द्यायचा नाही. खरखर असू दे. नवा पॉट बसवलात तर निम्म्याहून कमी.

या अटीशी माझे भांडण आहे. वस्तू वाजत नाही म्हणून महाग आणि वाजू लागली की स्वस्त, हा कुठला न्याय? मिरजेच्या तानपुऱ्याचे पाहा. पंढरपूरच्या बाजूचा भोपळा, सतारमेकरांच्या पिढ्यांचा हात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. त्या तानपुऱ्याच्या घोडीवर तारा घासून घासून खाचा पडतात, स्वयंभू गंधार बोलेनासा होतो. मग गवई काय करतो? कारागिराकडे जातो आणि जवारी काढून घेतो. कारागीर घोडी कानसने घासतो, सूत सरकवून ऐकतो, पुन्हा घासतो. शंभर वर्षांच्या तानपुऱ्याची जवारी अशी कितीदा निघाली असेल याचा हिशेब नाही, आणि त्यामुळे त्याची किंमत उतरली असे कोणी म्हटलेले मी ऐकलेले नाही. पेडलमधला पॉट ही त्याची घोडीच आहे. झिजणे हाच त्याचा धर्म.

संग्राहकांची बाजूही ऐकली पाहिजे. ते नसते तर यातली बरीच पेडले तुर्भ्याच्या भंगारात किलोवर गेली असती. शिवाय आज कंपन्या जुन्या आवाजाची नवी पेडले बनवतात, ती अस्सल नमुने मोजूनच. हात न लावलेले काही नमुने कुठेतरी हवेतच. पण त्यासाठी संग्रहालयात चार पुरेत. प्रत्येक गिटारवाल्याने आपल्या कपाटात मुके पेडल ठेवून भाव वाढायची वाट पाहणे, याला मी जतन म्हणणार नाही. बँकेत आम्ही त्याला पडीक ठेव म्हणत असू.

आणि गंमत अशी की पेडलचे साल, कॉइलची जात, तळावरचे चित्र, सगळ्यांची नोंद ठेवणाऱ्या या बाजारात वादकाची नोंद नाही. हिंदी चित्रपटांच्या श्रेयनामावलीत वाद्यवृंदातल्या लोकांची नावे सहसा नसतच. 'दम मारो दम'मधली (१९७१) गिटार भूपिंदर सिंग यांची, हे लोकांना कळले ते पुढे ते गायक म्हणून नावारूपाला आले म्हणून. राहुलदेव बर्मन यांच्याकडचे भानू गुप्ता, दिलीप नाईक, रमेश अय्यर ही नावे आज दर्दी लोकांना माहीत आहेत. त्यांच्या मागच्या रांगेतली कितीतरी कोणालाच नाहीत. अमेरिकन 'ब्लॅक आइड पीज'ने २००५ मध्ये आपल्या एका गाण्यात 'अपराध' आणि 'डॉन' या चित्रपटांतल्या गाण्यांचे तुकडे वापरले, त्याला ग्रॅमी मिळाले, कल्याणजी-आनंदजींचे नाव जगभर झाले. ज्यांनी ते तुकडे प्रत्यक्ष वाजवले ते त्या आनंदात कुठे होते? मुंबईच्या या वादकांना गाठून त्यांच्या मुलाखती घेऊन २००८ मध्ये मोठा ग्रंथ केला तो न्यूझीलंडच्या ऑकलंड विद्यापीठातल्या ग्रेगरी बूथ यांनी. तोही इंग्रजीत.

ऑर्केस्ट्रावाल्यांसाठी तर तेवढेही झालेले नाही, आणि इथे मला एक व्यवहारी सूचना करावीशी वाटते. गणेशोत्सव मंडळांचे जुने जमाखर्च काढा. वाशी-नेरुळची, ठाण्या-गिरगावची मंडळे हिशेबाला पक्की असतात. बिदागीच्या व्हाउचरवर वादकाची सही असते, तारीख असते, कधी वाद्याचे नावही. माझ्या माहितीत कोणत्याही ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर सापडणार नाहीत इतकी नावे त्या पिवळ्या कागदांत असतील. वाळवी लागायच्या आत एखाद्या महाविद्यालयाच्या मुलांनी दोन सुट्या खर्च केल्या तर काम होण्यासारखे आहे. मास्तरांनी स्वतःच आपल्या आठवणीतले एकवीस गिटारवाले एका वहीत लिहून दिले आहेत. कोण कोणाच्या पार्टीत होता, कोणाकडे कोणते पेडल होते आणि ते कोणाकडून आले, यासकट. त्यातल्या नऊ नावांपुढे त्यांनी 'कै.' लिहिले आहे.

पेडल त्यांनी विकले नाही. नवा पॉट मागवला, स्वतः डाग दिला, जुना पॉट एका पानाच्या डबीत घालून ठेवला आणि पेडल आपल्या एका विद्यार्थिनीला वापरायला दिले. मुलगी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, सानपाड्याहून येते. तिच्या पायाला पट्टीचा अंदाज यायला महिना लागला. मास्तरांची तिला एकच ताकीद आहे: वाजवून झाले की पेडलमधून गिटारची वायर काढायची. ती लावलेली राहिली तर स्विच बंद असला तरी बॅटरी रात्रभर उतरत राहते.