हजार रुपयांचे म्हातारपण

सामाजिक सुरक्षेतील सुधारणेची कसोटी दिल्लीच्या राजपत्रात लागत नाही. ती लाखनीच्या बाजारात, तेल-डाळीच्या पिशवीत लागते. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी केंद्र सरकारने सामाजिक सुरक्षा संहिता लागू केली आणि कामगारांच्या नव्या युगाची द्वाही फिरवली. तिची शहानिशा भंडारा जिल्ह्यातील बिडी वळणाऱ्या स्त्रीच्या चुलीपाशीच झाली पाहिजे.

घरी बसून बिड्या वळते ती कामगारच नव्हे, असा मालकवर्गाचा युक्तिवाद होता. १९७७ साली या धंद्याला भविष्यनिर्वाह निधी लागू झाला. तरीही घरी काम करणारीचा त्यावर हक्क आहे, हे १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाकडून वदवून घ्यावे लागले. हक्क मिळाला, पदरात काय पडले? कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत किमान दहा वर्षे काढणाऱ्यास २०१४ साली दरमहा १,००० रुपयांची हमी मिळाली. तिला महागाई भत्त्याची जोड नाही आणि पुढील दहा वर्षांत त्यात एका रुपयाची भर पडली नाही. १ एप्रिल २०२५ पासून केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी आलेल्या एकीकृत योजनेत मात्र तेवढ्याच सेवेला १०,००० रुपयांची हमी आहे, वर महागाई भत्ता. सेवा दहाच वर्षांची. म्हातारपणाची किंमत मात्र एकास दहा!

ज्याला पुढच्या महिन्याची शाश्वती आहे तो घरखर्चाची आखणी करतो. जिला ती नाही, ती आधी दूध तोडते, मग डाळ, मग औषध. रेशनचे पाच किलो धान्य उपाशी झोपू देत नाही, हे खरे. परंतु तेल, औषध आणि विजेचे बिल रेशनवर मिळत नाही. धानाच्या बांधीत आयुष्य घालवणाऱ्या भूमिहीन मजुराला तर तेवढाही निधी नाही; श्रावणबाळ योजनेसाठी त्याला आधी आपले दारिद्र्य कागदावर सिद्ध करावे लागते.

यावर सत्ताधाऱ्यांचे उत्तर ठरलेले आहे: तिजोरीत पैसा नाही आणि सरकारी नोकरांचे लाड पुरे झाले. हा बुद्धिभेद आहे. शिक्षकाचे निवृत्तिवेतन कापल्याने बिडी कामगार स्त्रीच्या ताटात घास वाढत नाही. पैशाचेच म्हणाल, तर १९७६च्या कायद्याने बिडी कामगार कल्याणासाठी उपकराचा हक्काचा स्रोत उभा केला होता; वस्तू व सेवा कर आणताना २०१७ साली तो सरकारनेच रद्द केला. हक्काच्या जागी अंदाजपत्रकाची मेहेरबानी आली.

तथापि एक दोष चळवळीच्याही पदरात आहे. मार्च २०२३ मध्ये जुन्या निवृत्तिवेतनासाठी राज्यातील कर्मचारी संपावर गेले. मागणी न्याय्यच होती. पण संघटितांचा लढा असंघटितांच्या उंबरठ्यापाशी थांबला, तर उद्या तो एकाकी पडेल. महागाईशी निगडित किमान निवृत्तिवेतन प्रत्येक श्रमिकाला, ही एकच मागणी शाळेच्या फाटकापासून बिडीच्या सुपापर्यंत नेणे हे समाजवादी कार्यकर्त्याचे काम आहे. तोवर संहितेची कलमे कितीही वाढोत, लाखनीच्या बाजारातली पिशवी अर्धीच राहील.